कोरडी त्वचा आणि पाणी कमी झालेली त्वचा: कोल्हापूरच्या हवेत मॉइश्चरायझरचे घटक कसे निवडावेत

कोल्हापुरात दिवाळी सरून गुऱ्हाळे पेटू लागली की हवेतला दमटपणा झपाट्याने उतरतो, आणि पावसाळाभर ज्यांना कसलीही क्रीम नकोशी वाटत होती त्यांच्याही नडग्यांवर पांढरे पापुद्रे दिसू लागतात. मग महाद्वार रोडवरच्या किंवा राजारामपुरीतल्या दुकानात जाऊन जाहिरातीत पाहिलेली एखादी बाटली उचलली जाते. त्या बाटलीच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत एका घटकाचे नाव असते आणि पैसे बहुतेक त्या नावाचेच मोजले जातात. त्वचेला उपयोग होणार की नाही हे मात्र मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतल्या यादीवर ठरते. ती यादी वाचता यावी यासाठी आधी आपल्या त्वचेत नेमके काय कमी पडले आहे ते ओळखावे लागते.

तेल कमी आहे की पाणी?

कोरडी त्वचा म्हणजे जिच्यात मुळातच स्निग्धता कमी आहे अशी त्वचा. ती बहुधा लहानपणापासून तशीच असते किंवा वयानुसार तशी होते, आणि चेहऱ्याइतकीच हातापायांवरही जाणवते: दुपार झाली तरी चेहऱ्यावर तेलाचा अंश दिसत नाही, अंघोळीनंतर खाज सुटते, नखाने ओढले तर पांढरी रेघ उमटते. पाणी कमी झालेल्या त्वचेचे तसे नाही. ती तेलकटसुद्धा असू शकते, किंबहुना कपाळ आणि नाक चकाकत असताना गाल ताणल्यासारखे वाटणे हे तिचेच लक्षण आहे. ही स्थिती येते आणि जाते. दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणे, दिवसातून चार वेळा फेसवॉश लावणे, मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रेटिनॉइड वापरणे, बंबातल्या कडकडीत पाण्याने अंघोळ करणे अशी तिची कारणे असतात.

घरच्या घरी तपासायचे असल्यास सौम्य क्लेन्झरने चेहरा धुऊन टिपून घ्यावा आणि तासभर काहीही लावू नये. तासाभराने सगळाच चेहरा ओढल्यासारखा आणि निस्तेज वाटला तर तो कोरडा समजावा. मधला भाग चमकू लागला पण गाल ताणलेलेच राहिले तर पाण्याचा प्रश्न आहे असे धरावे. दोन्ही एकत्र असणारी माणसेही पुष्कळ असतात, विशेषतः चाळिशीनंतर.

भेगांतून पाणी किंवा रक्त येत असेल, खाजेने रात्रीची झोप मोडत असेल किंवा लालसर गोल चट्टे दिसत असतील तर घटक निवडण्याच्या भानगडीत न पडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयातही ती सोय आहे. थायरॉईडची कमतरता आणि मधुमेह यांतही त्वचा कोरडी पडते. ओळखीच्या दुकानातून बेटामेथासोनसारख्या स्टेरॉईडचे मलम आणून ‘कोरडेपणावर’ लावण्याची सवय घातक आहे, कारण त्याने खाज तात्पुरती थांबते आणि त्वचा पातळ होत जाते.

वरच्या थरात काय असते

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर चेहऱ्यावर तरी कागदापेक्षाही पातळ असतो आणि निरोगी स्थितीत त्यात साधारण 20 ते 30 टक्के पाणी असते. ते 10 टक्क्यांच्या खाली गेले की पापुद्रे सुटतात. हे पाणी पेशींच्या आत धरून ठेवण्याचे काम अमिनो आम्ले, युरिया, लॅक्टिक आम्लाचे क्षार आणि पीसीए नावाचा पदार्थ करतात. पेशींच्या मधल्या जागेत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले भरलेली असतात, आणि त्यांत निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या सेरामाइडचा असतो. म्हणून मॉइश्चरायझरमधल्या घटकांची कामेही तीनच: पाणी धरणे, मधल्या फटी भरणे आणि वरून झाकण घालणे. चांगल्या क्रीममध्ये तिन्ही असतात. निवड करायची ती त्यांच्या प्रमाणाची.

पाणी धरणाऱ्या घटकांत माझे मत निःसंकोचपणे ग्लिसरीनच्या बाजूचे आहे. ते स्वस्त आहे, शरीर स्वतःही ते तयार करते, आणि 5 ते 10 टक्के प्रमाणात ते बहुतेकांना सोसते. हायल्युरॉनिक ॲसिडचे नाव आज सर्वत्र झळकते. 1934 मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळे केले. त्याचा रेणू मोठा असल्याने तो बहुतांशी त्वचेच्या पृष्ठभागावरच राहतो. चिकटपणा न आणता ओलाव्याची जाणीव देतो म्हणून तेलकट पण पाणी कमी झालेल्या चेहऱ्याला, सनस्क्रीनच्या आधी लावायला, तो सोयीचा आहे. मात्र ज्या सीरममध्ये तो आहे आणि ग्लिसरीन नाही, त्यासाठी चौपट किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही. पॅन्थेनॉल आणि सोडियम पीसीए हे दोन्ही सौम्य घटक आहेत आणि यादीत दिसले तर चांगलेच.

युरियाकडे आपल्याकडे खत म्हणून पाहिले जाते, त्यामुळे क्रीमच्या डब्यावर ते नाव वाचून अनेक जण दचकतात. वस्तुतः तो त्वचेच्या नैसर्गिक ओलाव्याचाच एक भाग आहे. 5 ते 10 टक्के युरिया हातापायांच्या खरखरीत त्वचेला मऊ करतो, आणि 20 टक्क्यांच्या पुढे तो जाड झालेली कातडी सोलू लागतो. कोल्हापुरी चप्पल घालणाऱ्यांच्या टाचा बाराही महिने उघड्या राहतात, धूळ आणि कोरडी हवा थेट त्यांच्यावर येते. अशा जाड, भेगाळलेल्या टाचांना 20 ते 25 टक्के युरियाचे मलम रात्री लावून वर सुती मोजे घालावेत. भेग खोल असेल तर युरिया झोंबतो, तेव्हा आधी पेट्रोलियम जेली लावून ती भरून येऊ द्यावी. चेहऱ्यावर इतके तीव्र मलम लावू नये. नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी त्वचा असणाऱ्यांना 12 टक्के अमोनियम लॅक्टेटचे लोशन चांगले लागू पडते, पण त्यानंतर उन्हात जाताना तो भाग झाकून घ्यावा.

फटी भरणाऱ्या घटकांत सेरामाइड पहिले. यादीत ते ‘सेरामाइड एनपी’, ‘एपी’ किंवा ‘ईओपी’ अशा नावांनी येते आणि बहुधा तळाशी येते. एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही, कारण ते थोडेच लागते. सोबत कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले आहेत का हे पाहणे अधिक महत्त्वाचे. 2 ते 5 टक्के नायसिनामाइड त्वचेला स्वतःचे सेरामाइड तयार करण्यास मदत करते, म्हणून पाणी कमी झालेल्या तेलकट चेहऱ्याला ते विशेष उपयुक्त आहे. ‘सीटोस्टिअरील अल्कोहोल’ हे नाव वाचून घाबरू नये. तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे आणि त्वचा मऊच करतो. ‘अल्कोहोल डीनॅट’ म्हणजे त्वचा सुकवणारा स्पिरिटसारखा अल्कोहोल पहिल्या पाचांत असेल तर मात्र ती बाटली परत ठेवावी.

तेलांच्या बाबतीत घरोघरी मतभेद असतात. खोबरेल अंगाला चांगले, पण मुरुमे येणाऱ्या चेहऱ्याला नव्हे. सूर्यफूल तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असते आणि ते त्वचेच्या संरक्षक थराला पोषक ठरते. ऑलिव्ह आणि मोहरीचे तेल मात्र हा थर कमकुवत करते, म्हणून तान्ह्या बाळाच्या मालिशीला ती दोन्ही टाळावीत. घाण्यावरचे शेंगतेल भाजीतच राहू द्यावे. गगनबावड्याच्या घाटाखालून येणारे कोकमाचे तेल, ज्याचे घट्ट गोळे कोकणात मुठेल म्हणून ओळखले जातात, थंडीत फुटलेल्या ओठांना आणि टाचांना उत्तम. ते हाताच्या उबेने हळूहळू विरघळते आणि वरून पातळ थर धरते. मुलतानी मातीचा लेप कोरड्या त्वचेवर लावणे मात्र चुकीचेच. तालमीतल्या मातीतही तेल आणि ताक मुरवतात, मग चेहऱ्यावर कोरडी माती का फासावी?

झाकण घालणाऱ्यांत पेट्रोलियम जेलीला तोड नाही. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये तिचे पेटंट घेतले आणि आजही त्वचेतून उडून जाणारे पाणी 98 टक्क्यांपर्यंत रोखणारा तिच्याइतका स्वस्त पदार्थ सापडलेला नाही. ती स्वतः पाणी देत नाही, त्यामुळे सुकलेल्या अंगावर चोळली तर केवळ चिकटपणा उरतो. ओलसर त्वचेवर किंवा ग्लिसरीनच्या क्रीमवर तिचा पातळ थर द्यावा. चेहरा तेलकट असल्यास तिच्याऐवजी डायमेथिकोन हे सिलिकोन असलेले हलके लोशन घ्यावे. शुद्ध केलेल्या लिक्विड पॅराफिनविषयी जी भीती पसरवली जाते तिला आधार नाही.

ऋतू आणि काम पाहून

जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक ॲसिडचे जेल बहुतेकांना पुरते, जाड क्रीमने उलट घामोळे येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी सेरामाइडची क्रीम आणि रात्री गालांवर, ओठांवर, कोपरांवर जेलीचा थर अशी योजना ठेवावी. मार्च ते मे या महिन्यांत दुपारची हवा कोरडी असते आणि घामही येतो. तेव्हा हलके लोशन आणि त्यावर सनस्क्रीन एवढे पुरे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीजवळ काम करणाऱ्यांचे आणि दिवसभर धुण्याभांड्यांत हात असणाऱ्यांचे हात मात्र ऋतू पाहत नाहीत; त्यांनी प्रत्येक धुण्यानंतर सॉफ्ट पॅराफिन आणि ग्लिसरीनचे मलम लावावे आणि डिटर्जंट पावडरने हात घासणे बंद करावे.

साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीपणा दाखवणारा आकडा) 9 ते 10 असतो आणि त्वचेचा 5 च्या आसपास; त्यात बोअरचे जड पाणी असेल तर साबणाचा थर अंगावरच राहतो. सिंडेट प्रकारची (साबण नसलेली सौम्य) वडी किंवा फेस न होणारा क्लेन्झर वापरला, पाणी कोमट ठेवले, आणि अंग टिपून तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावले तर साधी क्रीमही महागड्या क्रीमसारखी काम करते. पाणी भरपूर पिणे प्रकृतीसाठी आवश्यकच आहे. नडगीवरचे पापुद्रे तेवढ्याने जात नाहीत.

लेबल वाचताना

भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार 1 टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक 1 टक्क्यापर्यंतच वापरता येते, म्हणून त्याच्या मागे आलेली नावे अत्यल्प प्रमाणात आहेत असे समजावे. पुढे ‘केशर’, ‘बदाम’ किंवा ‘मध’ असे मोठे चित्र आणि यादीत ते फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे, असा प्रकार नेहमी आढळतो. पहिल्या पाचांत पाण्यानंतर ग्लिसरीन आणि एखादे पॅराफिन, स्क्वालेन, शिया बटर किंवा सीटोस्टिअरील अल्कोहोल दिसले तर कोरड्या त्वचेला ती बाटली घेण्यासारखी आहे. सुवास शक्य तितका टाळावा, खाजऱ्या त्वचेसाठी तर नक्कीच.

नवी वस्तू आधी लहान आकारात घ्यावी आणि कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावी. लाली, पुरळ किंवा जळजळ झाली नाही तर चेहऱ्यावर सुरू करावी, आणि एका वेळी एकच नवी वस्तू आणावी, म्हणजे बिघडले तर कशाने बिघडले ते कळेल. मलमाचे प्रमाण मोजण्यासाठी तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून पट्टी काढावी. साधारण अर्धा ग्रॅम मलम होते आणि ते बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहरा आणि मान यांना अशा अडीच पट्ट्या लागतात.