फ्लॅट घेताना मेंटेनन्सचा फक्त आकडा विचारताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीचा मी सहा वर्षं खजिनदार होतो. फ्लॅट बघायला आलेली माणसं जाता जाता मला एकच प्रश्न विचारायची, "काका, मेंटेनन्स किती?" मी आकडा सांगायचो, ते मान डोलवायचे, विषय तिथेच संपायचा. त्या आकड्यात काय धरलंय आणि काय धरलेलं नाही, हे विचारणारे मला सहा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. कर्जाचा हप्ता वीस वर्षांनी फिटतो, मेंटेनन्स मात्र घर आहे तोवर भरायचा असतो. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहितोय.

कमी मेंटेनन्स म्हणजे फायदा, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत

"या बिल्डिंगचा मेंटेनन्स फक्त पंधराशे आहे," असं एजंट कौतुकाने सांगतो. ते ऐकून खूश होण्याआधी एक छोटं गणित करा.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या 2014 च्या आदर्श उपविधींत (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत) दोन निधी ठरवून दिलेले आहेत. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दरसाल, आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी, किमान 0.25 टक्के दरसाल. यात जमिनीची किंमत धरायची नसते. समजा तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च 20 लाख आहे. मग दुरुस्ती निधीचे वर्षाला 15,000 आणि सिंकिंग फंडाचे 5,000 होतात. म्हणजे महिन्याला साधारण 1,667 रुपये नुसते या दोन निधींचे झाले. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट, पाणी यांतलं काहीच अजून धरलेलं नाही.

मग सगळं मिळून पंधराशेत कसं भागतं? सहसा भागत नाही. निधी गोळाच होत नाहीत, किंवा बांधकाम खर्च तीस वर्षांपूर्वीच्या दराने धरलेला असतो आणि सिंकिंग फंडात नावापुरती रक्कम असते. बिल्डिंग मात्र म्हातारी होतच असते.

आमच्या शेजारच्या एका इमारतीत एका तरुण जोडप्याने असाच फ्लॅट घेतला. चारच महिन्यांत सभेचा निर्णय हातात पडला: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लॅस्टर आणि खांबांची दुरुस्ती, प्रत्येक फ्लॅटमागे 1 लाख 80 हजार. चर्चा दोन वर्षं चालू होती, सभेच्या इतिवृत्तात सगळं लिहिलेलं होतं. त्यांना ते कुणी दाखवलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. घरासाठी सगळी पुंजी लावून बसलेल्या माणसांकडे त्या दिवशी एवढे पैसे कुठून येणार? त्या दोघांचे चेहरे मला अजून आठवतात.

म्हणून जुना फ्लॅट घेत असाल तर विकणाऱ्याकडून तीन कागद मागाच: मेंटेनन्सचं ताजं बिल, गेल्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि त्याच काळातली वार्षिक सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं. ही सभा दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, त्यामुळे "कागद तयार नाहीत" हे उत्तर आलं तर तिथेच सावध व्हा. हिशेबात सिंकिंग फंडाच्या मुदत ठेवी किती आहेत ते बघा. इमारत 15 वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवालही मागा. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी हे ऑडिट व्हायला हवं. अहवालात मोठी दुरुस्ती सुचवलेली असेल, तर तिचा खर्च घराच्या किमतीत धरून घासाघीस करा.

दोन आकड्यांची आंधळी तुलना

मुंबईत मालमत्ता कर बऱ्याचदा सोसायटीच्या बिलातून येतो, तर पुण्यात फ्लॅटधारक तो महापालिकेकडे स्वतंत्र भरतो. त्यामुळे मुंबईचे 6,000 आणि पुण्याचे 4,000 शेजारी ठेवून "पुणं स्वस्त" म्हणता येत नाही. पाण्याचंही तसंच. पुण्याजवळची वाघोली किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या पट्ट्यात फ्लॅट बघत असाल तर "उन्हाळ्यात टँकर लागतो का?" हे वॉचमनला विचारा. काही सोसायट्या टँकरची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलाबाहेर गोळा करतात, ती एजंटच्या आकड्यात नसते.

नवीन फ्लॅट: दर कुठल्या क्षेत्रफळावर?

बिल्डर सांगतो, "चौरस फुटाला चार रुपये." कुठल्या चौरस फुटाला? 700 चौरस फूट कार्पेटवर (घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर) ते 2,800 होतात, तर त्याच फ्लॅटच्या 1,000 चौरस फूट विक्रीयोग्य क्षेत्रफळावर (सामाईक जागेचा वाटा धरून) 4,000. हे करारनाम्यात लिहून घ्या.

पझेशनच्या वेळी 12, 18 किंवा 24 महिन्यांचा आगाऊ मेंटेनन्स एकरकमी मागतात. 4,000 प्रमाणे दोन वर्षांचे 96,000 होतात. गृहकर्जात ही रक्कम सहसा बसत नाही, त्यामुळे नोंदणी आणि मुद्रांक शुल्कानंतर रिकाम्या झालेल्या खिशातून ती काढावी लागते. काही ठिकाणी त्यावर कॉर्पस फंडही असतो. आगाऊ मेंटेनन्स खर्चासाठी असतो, कॉर्पस सोसायटीची ठेव असते. दोन्ही वेगवेगळे लिहिलेत का, आणि सोसायटीकडे कारभार सोपवताना उरलेली रक्कम हिशेबासह परत मिळेल असं कलम आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या.

सुरुवातीच्या काळातला दर बऱ्याचदा खरा नसतो. लिफ्टची, जनरेटरची हमी चालू असते, जलतरण तलाव अजून भरलेला नसतो, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प अर्ध्या क्षमतेवर चालतो. हमी संपली की वार्षिक देखभाल करार सुरू होतात. त्यात अग्निशमन यंत्रणा आहेच: 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे ती चालू असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. सुविधा जितक्या जास्त, तितका हा आकडा वाढणार. जिम तुम्ही वापरा वा न वापरा, खर्च वाटून येणारच.

सोसायटी की अपार्टमेंट, हे न विचारणं

हा फरक खूप जणांना माहीतच नसतो, आणि बिलावर परिणाम मोठा होतो. सहकारी सोसायटीत वॉचमन, सफाई, कार्यालय, सामाईक वीज असे सेवा शुल्क सर्व फ्लॅटना समान वाटले जाते. लिफ्टचा खर्चही समान, तळमजल्यावर राहत असलात तरी. पाणीपट्टी फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार बघून. 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या संकुलात मात्र सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक जागेतल्या मालकीच्या वाट्याच्या) टक्केवारीने वाटायचा असतो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका संकुलाबाबत हेच स्पष्ट केलं.

याचा अर्थ असा की एकाच संकुलात वन बीएचके आणि थ्री बीएचके असतील आणि बिल्डर आज चौरस फुटावर आकारत असेल, तर उद्या सोसायटी झाल्यावर वन बीएचकेवाल्याचं बिल वाढू शकतं. लहान घर घेणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

साडेसात हजारांची रेघ

सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर आणि दरमहा प्रतिसदस्य आकार 7,500 च्या वर असेल तर 18 टक्के जीएसटी लागतो. 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे ही मर्यादा ओलांडली की कर पूर्ण रकमेवर लागतो, वरच्या शंभर रुपयांवर नाही. 7,600 चं बिल 8,968 होतं. आकडा या रेघेजवळ असेल तर पुढच्या वाढीला काय होईल ते आजच मोजा.

थकबाकी आणि भाडेकरू

विकणाऱ्याची थकबाकी सोसायटी सोडत नाही. ती भरली जाईपर्यंत तुमचं सदस्यत्व अडकतं, आणि 2014 च्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळ व्याज चढू शकतं. शेवटचा चेक देण्याआधी थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र हातात घ्या. महापालिका क्षेत्रात फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतरण अधिमूल्य 25,000 पेक्षा जास्त घेता येत नाही, "देणगी" हे नाव देऊनही नाही.

भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेत असाल तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच आहे, 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने. सेवा शुल्क 1,500 असेल तर 150 रुपये. मी मात्र पूर्ण बिलाच्या 10 टक्के लावणाऱ्या सोसायट्या पाहिल्यात.

फ्लॅट घेतलाय आणि बिल चुकीचं वाटतंय?

बिल भरणं थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती. थकबाकीदार ठरलात की व्याज चालू होतं, वसुलीचा दाखला निघू शकतो आणि तुमच्या योग्य तक्रारीचंही वजन जातं. रक्कम भरा, सोबत "हरकत नोंदवून भरत आहे" असं पत्र द्या आणि पोच घ्या. कुठली बाब कुठल्या आधारावर आकारली ते लेखी विचारा. सर्वसाधारण सभेत दर मंजूर झाला त्या ठरावाची प्रत मागा. ठरावच नसेल तर बहुतेक वेळा समिती बिल दुरुस्त करते, कारण हिशेब तपासनिसालाही तो दाखवावा लागतो. उत्तर आलंच नाही तर पत्राची पोच जोडून आपल्या प्रभागाच्या उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात अर्ज द्या.