लाटणं वाकडं का होतं? लेथ चालू करण्याआधी या चुका टाळा

शनिवार-रविवारी आमच्या पडवीतल्या वर्कशॉपात कोणी ना कोणी येतंच. घरी नवीन लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, बसवलेलं असतं आणि पिशवीत एक बिघडलेलं लाटणं किंवा मोडलेली रवी असते. प्रश्नही ठरलेला: "दादा, कुठलं टूल घेऊ?" मी वस्तू हातात घेतो, फिरवून बघतो आणि उलट विचारतो, "लाकूड कुठून आणलंस? आणि कधी?" तिथे गप्प. टूल बिचारं निर्दोष असतं. चूक झालेली असते ती लेथ चालू करण्याच्या कितीतरी आधी, कधी कधी तर चार-सहा महिने आधी.

ओलं लाकूड

माझी स्वतःची अब्रू याच चुकीने गेली आहे, म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

आम्ही सिंधुदुर्गातले. एका जूनमध्ये पहिल्याच वाऱ्याला शेजारच्या काकांचा रायवळ आंबा आडवा झाला. काका म्हणाले, "ने रे, नाहीतर चुलीत जाईल." मी ओंडके कापले आणि आठवड्याच्या आत कातायला बसलो. ओलं लाकूड कातण्यात जी मजा आहे ती सुक्यात नाही. गोल पटाशी, म्हणजे कातायचं पन्हाळी टूल, लोण्यातून जावी तशी जाते, हात-हातभर लांब रिबिनी सुटतात, चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे उडतात, धूळ म्हणून नाही. तिथेच माणूस फसतो. त्याच सुमारास रुखवतासाठी १५ लाटण्यांची ऑर्डर आली. मुलगी सोलापुरात द्यायची होती. लाटणी काढली, पॉलिश पेपर मारला, माळ्यावर ठेवली. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं, म्हणजे चार-साडेचार महिने हाताशी. मला वाटलं, तोवर वाळतील. दिलीदेखील. रुखवतात फोटो काढण्यासारखी दिसली.

एप्रिलमध्ये फोन आला. "दादा, तुमचं लाटणं पोळपाटावर चालताना टकटक आवाज करतं." मी शहाणा, म्हटलं पोळपाट बघा, खाली बसत नसेल. मे महिन्यात माहेरी येताना तिने तीन लाटणी बरोबरच आणली. कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावला. एका बाजूने ३३.५ मिलिमीटर, पाव वळसा फिरवून बघितलं तर ३२.५. एक तर टोकाकडून चिरलंही होतं. अशा लाटण्याने पोळी लाटली की एक पट्टा जाड, एक पातळ, आणि फुगायची वेळ आली की पातळ जागी वाफ निसटते. त्या मुलीच्या सासूबाईंनी पोळ्यांचा दोष कोणाला दिला असेल, हे सांगायला नको. पंधराच्या पंधरा बदलून दिली.

कारण साधं आहे. वाळताना लाकूड सगळीकडून सारखं आक्रसत नाही. खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने ते जितकं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून गोल कातलेलं लाटणं वाळल्यावर लंबगोल होतं. त्यात आमची हवा. पावसाळ्यात कोकणात नीट वाळलेलं लाकूडसुद्धा १७-१८ टक्के ओलावा धरून बसतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तेच निम्म्याच्याही खाली येतं. इथे माळ्यावर जे "वाळलं" असं मला वाटलं, ते तिकडे गेल्यावर खरं वाळायला लागलं.

आता माझी पद्धत. ओंडका आला की दोन इंच जाडीचे, सोळा इंच लांबीचे चौकोनी दांडे पाडतो. दोन्ही टोकांना वितळलेलं मेण लावतो, नसेल तर उरलासुरला ऑइल पेंट. टोकांकडून पाणी सगळ्यात लवकर उडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. प्रत्येक दांड्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहितो. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. दर महिन्याला पुन्हा वजन, आधीच्या आकड्याखाली नवा आकडा. पावसाळ्याबाहेरच्या दोन महिन्यांत आकडा हलला नाही की लाकूड तयार. इंचाला एक वर्ष असा जुना हिशोब आहे, तो खोटा नाही. पण पावसाळ्याचे चार महिने मी त्यात धरतच नाही. पुढे दांडा गोल करताना पाचेक मिलिमीटर जाड ठेवतो, महिनाभर घरात ठेवतो आणि मगच शेवटचा हात फिरवतो.

"मायक्रोवेव्हमध्ये वाळवलं तर?" हा प्रश्न दर महिन्याला येतो. होतं तसंही, करणारे करतात. पण थोडं जास्त झालं की लाकूड आतून जळतं, बाहेरून कळत नाही. वरून स्वयंपाकघरात काय ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. ज्याला वर्ष थांबवत नाही त्याने वाळलेलं लाकूड विकत घ्यावं.

आणि खोडाच्या मधोमध पेन्सिलीएवढा जो मऊ ठिपका असतो तो लाटण्यात कधीच येऊ देऊ नका. आला की चीर ठरलेली.

रेषा न बघता दांडा कापणं

रवी मोडते ती नेहमी एकाच जागी, बोंडाच्या, म्हणजे खालच्या पाकळ्यांच्या गड्ड्याच्या, जरा वर, दांडा बारीक होतो तिथे. मोडलेला भाग बघा. तुटल्याची जागा सरळ आडवी नसते, कलमाच्या कापासारखी तिरकी असते. म्हणजे लाकडाच्या रेषा, त्याचे तंतू, दांड्याला समांतर नव्हत्या, तिरक्या बाहेर पडत होत्या. करवतीला रेषा कळत नाहीत, ती आपण आखलेल्या ओळीवरून जाते. कुऱ्हाडीला मात्र कळतात. म्हणून रवीसाठीचा दांडा मी अजूनही कोयत्याने फोडून घेतो, मगच छिलतो. थोडं लाकूड वाया जातं, जाऊ दे.

रवीतच दुसरी गंमत: बोंडाच्या पाकळ्या आधी कापून मग लेथवर चढवणारे लोक मी पाहिले आहेत. फिरत्या खाचेत पटाशी घुसली की पाकळी तोंडावर येते. आधी पूर्ण कातून, घासून घ्या, मग खाली उतरवून छोट्या करवतीने पाकळ्या पाडा.

फुकटचं लाकूड

कंपनीच्या गेटबाहेर पडलेली पॅलेट बघून जीव सुटतो, मला कळतं. पण त्यावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते स्वयंपाकघरात नको. शिक्काच नसेल तरी नको. जुन्या वाड्याच्या दाराचा साग सुंदर असतो, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि आत मोडलेला खिळा तर असतोच. आमच्याकडे काजरा मुबलक, पण ज्याच्या बिया विषारी म्हणून पोरांना लहानपणापासून दटावतात, त्याचा चमचा कशाला करायचा? पांगारा हलका, पांढरा, सावंतवाडीच्या खेळण्यांना वर्षानुवर्षं चालला. लाटण्याला मात्र फार मऊ. महिन्याभरात पोळपाटाच्या कडेचे खळगे उठतात. शिसव, बाभूळ, वाळलेला आंबा, चिंच, यांतलं जे मिळेल ते घ्या.

१४४० ची मोटर आणि पोळपाट

आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या अर्ध्या एचपीच्या मोटरवर १४४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, असं लिहिलेलं असतं. घरगुती जुगाड करणारा त्याच मोटरच्या शाफ्टवर थेट फेसप्लेट, म्हणजे लाकूड बसवायची चकती, लावतो. दोन इंची लाटण्याला तो वेग ठीक आहे. पण दहा इंचांचा पोळपाट त्याच वेगाने फिरवला की कडेचा वेग ताशी जवळपास ७० किलोमीटर होतो. चौकोनी फळीचे कोपरे अजून उडवलेले नसतील तर त्याहून जास्त.

एका मुलाने मला व्हिडिओ दाखवला होता. फळीचे कोपरे न कापता चढवलेली, बटण दाबलं, टेबल आधी थरथरलं, मग नाचायला लागलं, आणि बंद करायला तो समोरून गेला. समोरून! फळी सुटली ती त्याच्या कानाजवळून पत्र्याला लागली. पत्र्याला अजून भोक आहे. व्हिडिओ बघून तो हसत होता, मला हसू आलं नाही.

व्यास इंचांत घ्या, त्याला आरपीएमने गुणा. गुणाकार ६००० ते ९००० च्या आत राहिला पाहिजे, आणि सुरुवातीला खडबडीत असताना त्याच्याही निम्म्यात. दहा इंची पोळपाटाला म्हणजे फार तर ६०० ते ९००, सुरुवात ३००-४०० वर. मोटरला दोन इंची पुली, लेथला चार इंची, की १४४० चे ७२० होतात. सुरुवातीच्या हळू वेगासाठी पुल्यांची आणखी एक जोडी ठेवा. पट्टा बदलायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना लेथच्या समोर उभं राहू नका एवढंच सांगतो. बटण दाबताना बाजूला.

धार आणि पटाशी

सुताराची साधी पटाशी लेथवर नको, तिची मूठ आखूड आणि शेपूट बारीक. जुनी कानस घासून टूल बनवणं तर बंदच करा. कानस कडक असते तशी ठिसूळ, झटका बसला की काचेसारखी तुटते. टूल सारखं अडकत असेल तर तुम्ही धार आधी टेकवताय. आधी धारेमागच्या उताराची पाठ लाकडावर टेकवा, ती नुसती घासू दे, मग मूठ हळूच वर उचला. धार आपोआप लागते. आणि भुसा पिठासारखा पडत असेल तर धार गेली आहे. उठा, ग्राइंडरवर जा. मी एका लाटण्यात तीनदा जातो.

चकचकीत पॉलिश

ही माझी दुसरी दुखरी नस. वस्तू चांगली झाली की नवशिक्याला ती चमकवायची घाई होते. मग मेलामाइन, वार्निश, फर्निचरवाल्याकडचं काय असेल ते. लाटण्यावर वार्निश म्हणजे सहा महिन्यांनी कणकेत पापुद्रे.

लाखेचं जरा वेगळं आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाने ती वितळून पसरते, वरून केवड्याचं पान दाबलं की झळाळी येते. खेळण्यांवरची ही कारागिरी बघत बसावी अशी. लाख स्वतः विषारी नाही, गोळ्या-चॉकलेटांवरही तिचा थर देतात. पण ती ७५-८० अंशांच्या आसपास वितळते. एकाने आजीसाठी हौसेने लाल-पिवळ्या पट्ट्यांची रवी केली, बोंडापर्यंत लाख. आजीने उकळत्या वरणात घातली. वरण पिवळंच असतं म्हणून पिवळा पट्टा खपून गेला, लाल मात्र दिसला. लाख लावायचीच तर मुठीला लावा, पदार्थात बुडणाऱ्या भागाला नाही. तिच्यातला रंग खायचा आहे की भिंतीचा, हे कांडीवर लिहिलेलं नसतं.

तेलाचं म्हणाल तर शेंगदाणा तेल खवट आणि चिकट होतं. खोबरेल चालतं, पण वाळत नाही, सारखं लावत राहावं लागतं. जवसाचं कच्चं तेल वाळतं, आठवडे लागतात. पेंटच्या दुकानातलं "बॉईल्ड" म्हणून मिळणारं जवस लवकर वाळतं, कारण त्यात ड्रायर, म्हणजे तेल लवकर सुकवणारी धातूंची संयुगं, घातलेली असतात. ते घेऊ नका. जवसाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळत घाला. मी चमच्यांना आणि रवीला केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन चोळतो, पोट साफ व्हायला देतात तेच. त्यात थोडं मधमाशीचं मेण वितळवून घेतलं तर हाताला छान लागतं. आणि लाटण्याला? काहीही नाही. पीठ आणि तुपाचा हात वर्षभरात त्याला जो रंग देतात तो कुठल्या डब्यात मिळत नाही.

पण त्याआधी पाणी. घासून झालेल्या वस्तूवर ओलं फडकं फिरवा आणि वाळू द्या. तंतू उभे राहतील, हाताला दाढीच्या खुंटासारखे लागतील. मग २२० किंवा ३२० नंबरचा पॉलिश पेपर लेथ बंद करून रेषांच्या दिशेने मारा. हे तुम्ही केलं नाही तर पहिल्या धुण्यात भांडी घासणारी बाई करेल, फक्त पेपर तिच्याकडे नसेल.

बाकी भराभर. पॉलिश पेपर मारताना टूल रेस्ट, म्हणजे टूल टेकवायची पट्टी, काढून ठेवा. पेपर बोटाला गुंडाळू नका. हातमोजे, ओढणी, लांब बाह्या, गळ्यातली चेन, लोंबणारी इअरफोनची वायर, काहीही नको. शिसवाची धूळ अनेकांना बाधते, मास्क लावा. लाटण्याचा व्यास फक्त मधेच मोजू नका, तीन ठिकाणी मोजा. डोळा नेहमी उजव्या बाजूला जाड ठेवतो, माझा तरी ठेवतो.

शेवटची तपासणी मी करत नाही, आई करते. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर लाटणं ठेवते, एका बोटाने ढकलते आणि मान वाकडी करून ऐकते. गोल लाटणं नुसती घरघर करत कडेपर्यंत जातं. जरासा फरक असला तरी त्या घरघरीत एक ठोका येतो, घड्याळासारखा. गेल्या खेपेच्या आठातलं एक तिने उचलून चुलीच्या फाटीत ठेवलं. मी कॅलिपर लावून बघितला, फरक पाव मिलिमीटरचा. म्हटलं, एवढं चालतं. ती म्हणाली, "मग तूच लाट."