कनूतून (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून) बास मासा धरताना एकाने गळ टाकावा, दुसऱ्याने वल्हं धरावं

दोघंही गळ टाकत बसलात की कनू प्रवाहासोबत वाहत जाते आणि चांगली जागा हातची निघून जाते. मागच्याने फक्त वल्हं सांभाळावं. मासा लागला की पाळी बदला, पण काठाला लागूनच, मधोमध उभं राहून नाही. नदीतला बास मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात, धारेच्या कडेला दबा धरून असतो. आमिष दगडाच्या वरच्या अंगाला टाका आणि प्रवाहाबरोबर खाली येऊ द्या. मला तरी याहून भरवशाची पद्धत सापडलेली नाही. वाहत्या पाण्यात नांगर कनूच्या कुशीला कधीच बांधू नका, ती आडवी होऊन क्षणात उलटते. लाइफ जॅकेट दिवसभर अंगावरच हवं, पाणी कितीही उथळ दिसलं तरी.