केटलबेलचे वजन वाढवण्याआधीची तयारी

बारबेलवर, म्हणजे वजनाच्या लांब दांड्यावर, एक-दोन किलोच्या प्लेट चढवता येतात. केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला वजनाचा गोळा, मात्र सहसा ४ किलोंच्या टप्प्याने मिळते. त्यामुळे ८ किलोवरून १२ किलोवर जाताना भार एकदम ५० टक्क्यांनी वाढतो, १२ वरून १६ वर जाताना सुमारे ३३ टक्क्यांनी आणि १६ वरून २० वर जाताना २५ टक्क्यांनी. ही उडी शरीराला झेपेल अशी लहान कशी करायची, हे पुढचे वजन हातात घेण्यापूर्वीच ठरलेले असावे.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, पाठीची जुनी दुखापत किंवा गर्भारपण असल्यास प्रथम डॉक्टरांशी बोलून घ्यावे. पायाखालची जमीन घसरडी नसावी, बूट सपाट तळाचे असावेत आणि स्विंगच्या वेळी, म्हणजे केटलबेल दोन पायांमधून पुढे झुलवताना, समोर कोणी उभे नसावे.

त्यानंतर हालचाल तपासावी, आणि येथे घाई अजिबात करू नये. स्विंगमध्ये जोर खुब्यातून यायला हवा. गुडघे थोडेच वाकतात आणि पाठीचा कणा सरळ राहतो. एक काठी पाठीवर उभी धरून ती डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला टेकलेली ठेवत पुढे वाकून पाहावे. तिन्हींपैकी एकही जागा सुटत असेल, तर वजन वाढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. क्लीन करताना, म्हणजे केटलबेल खालून उचलून खांद्याजवळ आणताना, ती मनगटाच्या वर आदळत असेल, तर दोष हालचालीत आहे आणि जड वजनाने तो अधिकच बळावेल. ओतीव लोखंडाच्या केटलबेलचा आकार वजनाबरोबर वाढतो, म्हणून नव्या वजनाचा गोळा हातावर वेगळ्या जागी टेकतो, हेही आधी जाणून असावे. स्पर्धेच्या केटलबेलचा आकार सर्व वजनांना सारखाच असल्याने तेथे ही अडचण येत नाही.

आता वाढीचा हिशेब वहीत मांडावा. आवर्तने (एक हालचाल किती वेळा केली), सेट (सलग आवर्तनांचा एक गट), विश्रांतीचा वेळ आणि वजन या चारांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि वजनाची पाळी शेवटी यावी, असे माझे ठाम मत आहे. समजा, १६ किलोने १० आवर्तनांचे १० सेट व्यवस्थित होत आहेत, म्हणजे एकूण १६०० किलो भार उचलला जात आहे. सगळे सेट २० किलोने केले, तर तोच आकडा २००० होतो. पण केवळ दोन सेट २० किलोने आणि उरलेले आठ १६ किलोनेच केले, तर तो १६८० होतो, म्हणजे वाढ अवघी ५ टक्के. हे दोन सेट सहज जमू लागले की तिसरा सेट बदलावा. डोक्यावर वजन नेण्याच्या प्रकारांत खांद्यावर ताण अधिक येतो, म्हणून तेथे २ किलोंचा मधला टप्पा मिळत असेल तर तो जरूर घ्यावा.

थांबण्याचा नियमही आधीच लिहून ठेवावा, कारण दमल्यावर माणूस स्वतःशी तडजोड करतो. आणखी दोन-तीन आवर्तने नीट जमतील असे वाटत असतानाच सेट संपवावा, आणि सलग एक वाक्य बोलता येईल इतका श्वास परतल्याशिवाय पुढचा सेट सुरू करू नये. तळहातावरचे घट्टे घासून सपाट ठेवावेत. उंच वाढलेला घट्टा फाटला की अनेक दिवसांचा सराव बुडतो.

स्नायूंच्या मानाने कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे पट्टे, सावकाश बळकट होतात, म्हणून ताकद आली असे वाटले तरी दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा सुमारे निम्म्या सेटचा ठेवावा. नव्या भारानंतरचे अंग दुखणे बहुधा एक ते तीन दिवसांत शिगेला पोचून ओसरते. सांध्यातील तीव्र कळ, पायात उतरणारी वेदना किंवा मुंग्या यांना मात्र त्या दुखण्यात गणू नये. अशा वेळी सराव थांबवून तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण आले, किंवा अंग असह्य दुखून लघवी गडद तपकिरी झाली, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. आजारपणामुळे दोन-तीन आठवड्यांचा खंड पडल्यास आधीच्या हलक्या वजनापासून पुन्हा सुरुवात करावी आणि वहीतील जुना आकडा पहिल्याच दिवशी गाठण्याचा आग्रह धरू नये.