जुन्या जीपचा सेल्फ बदलताय? या चुका टाळा

जुनी डिझेल जीप सुरू झाली नाही की सगळे आधी सेल्फवर, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरवर येतात. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात हे दुखणं घरोघरचं. दोन वर्षांपूर्वी माझंही तेच झालं. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून नवा सेल्फ बसवला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी वाळपईच्या बाजारात पुन्हा ‘टक्’. शेवटी इंजिनावरून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवली, तर बोल्टाखालून हिरवी पूड गळाली आणि निम्म्या तारा तुटलेल्या. पट्टी बदलून जुनाच सेल्फ परत लावला. पहिल्या किल्लीला उचलला.

म्हणून न तपासता सेल्फ खाली उतरवू नका. मल्टिमीटर सोबत ठेवा. चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी ती साडेनऊच्या खाली गेली तर आधी बॅटरी बघा. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष अर्थिंगचा. पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंतही असंच मोजा. आपल्याकडची खारी, दमट हवा आणि तांबडा चिखल या जोडांना सोडत नाही.

सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवर, स्क्रू ड्रायव्हर टेकवून शॉर्ट करायची सवय तर मोडाच. गाडी गिअरमध्ये असली तर अंगावर येते, आणि फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) असली तर नुसत्या सेल्फच्या जोरावरही पुढे सरकते.

सेल्फ खरंच गेला असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. जाड केबलला कायम करंट असतो. पाना चासीला टेकला की ठिणग्या उडतात. जुना सेल्फ चांगलाच जड असतो, शेवटचा बोल्ट निघताना खालून हात हवाच. तो केबलवर लोंबकळू देऊ नका. मध्ये शिम (फटीत घालायची पातळ पत्री) निघाली तर ती कुठली, हे लक्षात ठेवून तिथेच परत घाला. नवा घेताना जुना दुकानात न्या आणि पिनियनचे, म्हणजे सेल्फच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचे दात मोजा. दोन्ही सारखे दिसतात, पण एका दाताचा फरक असला तरी तो ज्या रिंगला फिरवतो ती फ्लायव्हीलची (इंजिनाच्या जड चाकाची) दातेरी रिंग खराब होते.

सेल्फ बाहेर आहे तोवर टॉर्च मारून फ्लायव्हीलची रिंग बघा. जीप चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने थोडी थोडी ढकला, म्हणजे सगळे दात समोर येतात. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोन जागांवरच थांबतं, म्हणून दात तिथेच झिजतात. तिथे दात खाल्लेले असतील तर नवा सेल्फही खरखरणारच.

बसवताना लोकांना घाई होते ती इथे: सेल्फचं अर्थिंग त्याच्या अंगातूनच होतं. तेव्हा बेल हाउसिंगचा (सेल्फ ज्यावर बसतो त्या फ्लायव्हीलवरच्या कवचाचा) चेहरा आणि सेल्फचा चेहरा, दोन्ही पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. रंगावर बसवलेला सेल्फ अशक्तच फिरतो. सोलेनॉइडचा तांब्याचा बोल्ट मऊ असतो, नट बेताने आवळा. अख्खा बोल्टच फिरला तर आतला जोड तुटतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा.

आणि ओहोळ ओलांडताना जीप बंद पडून सेल्फ एकदम अडकला, तर हातोडी घेऊ नका, दुसऱ्यांदा किल्लीही मारू नका. आधी एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे प्लग) काढा, ते नसतील तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) काढा, आणि इंजिन आधी हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ द्या.