काजूच्या हंगामात माकडतापापासून जपताना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजू आणि माकडताप यांचा हंगाम एकच. या तापाचा विषाणू 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला आणि पुढे अनेक दशके शिवमोगा व आसपासच्या भागातच राहिला. 2012 पासून तो पश्चिम घाटात इतरत्र दिसू लागला. 2015 मध्ये सत्तरीतल्या पाली गावात, 2016 मध्ये शेजारच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गात. माकडे त्याने मरतात, पण माणसापर्यंत तो आणते गोचीड. डिसेंबर ते मे या दिवसांत तिची तिळाएवढी पिल्ले पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या पाचोळ्यात असतात. चावली तरी बहुधा कळत नाही, म्हणून सगळी मदार रोजच्या सवयींवर.

बागायतीत जाताना पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा सदरा घाला. त्यावर गोचीड चटकन दिसते. पँट मोज्यात खोचा, वर गमबूट. आरोग्य केंद्रात गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल मिळाले तर हात, पाय, मानेला लावा. डोळे, ओठ, जखमा सोडून. काजूची बोंडे वेचताना निम्मा दिवस ओणवे राहावे लागते, पण जेवायला किंवा विडी ओढायला पातेऱ्यात बसकण मारणे टाळता येते. खडकावर बसा. काढलेला सदरा झुडपावर टाकू नका. रानातला पातेरा गोठ्यात अंथरायलाही आणू नये, गोचिडी त्याच्याबरोबर घरात येतात.

संध्याकाळी कपडे बाहेरच काढून गरम पाण्यात भिजवा, साबण लावून अंघोळ करा आणि अंग तपासा: कमरपट्ट्याची जागा, जांघा, काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. गोचीड चिकटलेली असेल तर बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून तिला तोंडाशी धरा आणि झटका न देता सरळ वर ओढा. तिचे पोट दाबले तर आतला द्रव जखमेत जातो. रॉकेल, चुना, पेटती विडी यांतले काहीही लावू नका. बोटांनी चिरडू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.

वानर किंवा माकड मरून पडलेले दिसले तर जवळ जाऊ नका, पुरूही नका. मेलेल्या अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा आणि तिथे गोचीडनाशक पावडर मारली जाईपर्यंत कामगार त्या बाजूला पाठवू नका.

गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप एकाएकी चढतो. कपाळ ठणकते, पाठ आणि पोटऱ्या फुटतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात लगेच जा आणि 'काजूत कामाला होतो' हे आधी सांगा. हे न सांगितल्याने बरेचदा मलेरिया-डेंगूच्या तपासणीतच दिवस जातात. ताप कधी सुरू झाला तेही सांगा: पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणू शोधतात, नंतर प्रतिपिंडे. यावर खास औषध नाही, पाणी-सलाईन आणि देखरेख हेच उपचार. जुनी लस बंद झाली आहे, नव्या लशीवर काम चालू आहे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

रुग्णापासून घरच्यांना हा ताप लागत नाही, तेव्हा बिनधास्त शुश्रूषा करा. ताप उतरला म्हणून लगेच कामावर मात्र पाठवू नका. काहींना एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो आणि या वेळी मेंदूला झळ पोचते. मान आखडली, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर 108 ला फोन करा.