अमेरिकेत आरव्हीने फिरायला जाताय? कॅम्पग्राउंडवर कसं राहायचं, बडोदेकरांसाठी सविस्तर

दांडिया बाजार, रावपुरा, कुठल्याही मराठी घरात विचारा, मुलगा नाहीतर भाची-पुतण्या कोणीतरी अमेरिकेत असतंच, आणि मे-जूनमध्ये आईवडील तिकडे पोचले की हल्ली मुलं हॉटेलऐवजी आरव्ही भाड्याने घेऊन ठेवतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, आत गॅस, फ्रिज, पलंग, संडास-बाथरूम सगळं. मग निघायच्या आधी इथे सगळ्यांचा प्रश्न एकच, एवढी मोठी गाडी चालवणार कोण? अहो गाडी मुलं चालवतात, त्याची काळजी नको. शिकून जायचं असतं ते रात्री गाडी जिथे लावून राहायचं तिथलं, म्हणजे कॅम्पग्राउंडचं, कारण तिथे शेजारची गाडी अगदी हाकेच्या अंतरावर असते, भिंती पातळ, मध्ये कुंपण नाही, त्यामुळे आपला आवाज, आपला लाइट, आपल्या फोडणीचा वास सगळं शेजाऱ्याकडे जातं. आणि तो माणूस बऱ्याचदा हजार मैल गाडी चालवून शांतता मिळावी म्हणूनच तिथे आलेला असतो.

बुकिंगचं थोडक्यात सांगते. खाजगी कॅम्पग्राउंड असतात, त्यात केओए ही मोठी साखळी, १९६२ साली मोंटाना राज्यातल्या बिलिंग्जला सुरू झालेली, तिथे वीज-पाणी-ड्रेनेज तिन्ही जोडण्या जागेवर मिळतात, त्याला फुल हुकअप म्हणतात. नॅशनल पार्कमधले कॅम्पग्राउंड जास्त सुंदर पण तिथे बऱ्याच ठिकाणी एकही जोडणी नसते, बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर, आणि पुष्कळ ठिकाणी सहा महिने आधी उघडतं, उन्हाळ्यातल्या चांगल्या जागा बघता बघता संपतात. तेव्हा तिकीट काढलं की लगेच मुलांना तारखा कळवा. गाडी लावून राहायच्या जागेला साइट म्हणतात, पहिल्यांदा जात असाल तर पुल-थ्रू साइट घ्या, म्हणजे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर, रिव्हर्स घ्यायची भानगडच नाही. आणि साइट किती फुटांची आहे ते बघून घ्या, ३० फुटी गाडी २५ फुटांच्या साइटवर लावली तर तिचं नाक रस्त्यावर येतं आणि सगळ्यांना त्रास.

उजेडात पोचा, हे मी सगळ्यांना बजावून सांगते. अंधारात पोचलात की हेडलाइट लोकांच्या खिडक्यांवर, दारांची धाडधाड, "अजून मागे, अजून मागे, थांब थांब" असा आरडाओरडा, आणि शेजारी झोपलेले. आत गाडीचा वेग अगदी पायी चालल्यासारखा ठेवायचा, बहुतेक ठिकाणी ताशी ५ मैलांची पाटी असतेच, मुलं सायकली घेऊन कुठूनही येतात. बॅक-इन साइट, म्हणजे रिव्हर्स घेऊन लावायची जागा, असेल तर एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं, अशा जागी की ड्रायव्हरला तो आरशात दिसेल, आणि हाताच्या खुणा आधी ठरवून घ्यायच्या, सगळ्यांनी एकदम सूचना द्यायच्या नाहीत. पुष्कळदा शेजारच्या साइटवरचे एखादे आजोबा आपली खुर्ची सोडून स्वतःच येऊन खुणा करायला लागतात, त्यांना करू द्या हो, ते हा प्रकार वर्षानुवर्षं करत आलेले असतात, नंतर थँक्यू म्हणा, नाव विचारा, ओळख तिथूनच होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साइटला कुंपण नसतं पण हद्द असते. टेबल-बाक, शेकोटीची लोखंडी रिंग, आणि पुढच्या साइटच्या खांबापर्यंतची जागा हे त्या माणसाचं तेवढ्या दिवसांपुरतं घर आहे, त्यातून बाथरूमकडे शॉर्टकट मारायचा म्हणजे न विचारता कोणाच्या दिवाणखान्यातून चालत जाणं. रस्त्याने फिरून जा, दोन मिनिटं जास्त लागतील. नातवंडांना पहिल्याच दिवशी हात धरून हद्द दाखवा, क्रिकेट खेळायचं तर मोकळ्या मैदानात किंवा प्लेग्राउंडजवळ, दोन गाड्यांच्या मध्ये नाही, तिथली एकेक काच फार महाग असते. कोणाचं दार बंद असेल तर ठोकू नका, बाहेर खुर्ची टाकून बसले असतील तेव्हा हात हलवा, ते हसले, थांबले तर बोला. आपल्याकडे वाड्यात कोणीही कोणाच्या घरात डोकावतं ते प्रेमानेच, पण तिथे ते प्रेम बाहेरच्या खुर्चीपासून सुरू करायचं.

वीज. साइटवर एक खांब असतो, त्यात ३० ॲम्पचा तीन पिनांचा आणि पुष्कळ ठिकाणी ५० ॲम्पचा चार पिनांचा सॉकेट. आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग प्लग लावायचा, मग ब्रेकर चालू, काढतानाही तसंच. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, म्हणजे ३० ॲम्पवर तुम्हाला ३६०० वॅट मिळतात, संपलं. एसी साधारण १५०० खातो, इलेक्ट्रिक किटली १५००, मायक्रोवेव्ह हजाराच्या वर, तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडणारच. चहा होईपर्यंत एसी बंद ठेवा एवढं सोपं आहे ते. आणि इथून मिक्सर नेऊ नका, आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे धड फिरत नाही, चटण्या वाटून न्या नाहीतर तिथलाच छोटा मिक्सर घ्या.

पाण्याला पांढरा किंवा निळा पाइप, पिण्याच्या पाण्यासाठीचा, तो फक्त त्याच कामाला. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर लावायचा, नाहीतर जोरदार प्रेशरने गाडीतले पाइप सुटतात.

टाक्यांचं मात्र नीट वाचा, आपल्या लोकांना सगळ्यात अवघड हेच जातं. दोन टाक्या असतात, एक ब्लॅक म्हणजे संडासाची, दुसरी ग्रे म्हणजे बेसिन आणि अंघोळीची. साधारण ३० गॅलनची टाकी धरा, म्हणजे जेमतेम ११३ लिटर, चार माणसांच्या अंघोळी घरच्यासारख्या झाल्या तर संध्याकाळपर्यंत भरते, म्हणून अंघोळीला कॅम्पग्राउंडचं बाथरूम वापरा, तिथे वेगळे शॉवर असतात. संडासाला आपण पाणी वापरतो ते उलट चांगलंच आहे, ब्लॅक टाकीत पाणी भरपूर असलं तर मळ साचून घट्ट होत नाही, फक्त टाकी लवकर भरते हे लक्षात ठेवा. ओले वाइप्स आत टाकायचे नाहीत, पाकिटावर फ्लशेबल लिहिलेलं असलं तरी नाही.

ड्रेनेजची जोडणी असली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून द्यायचा नाही. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि मळ तिथेच राहतो. दोन तृतीयांश भरू द्या. मग हातमोजे घाला, जाड पाइप आधी जमिनीतल्या भोकात घट्ट बसवा, हलवून बघा, मग दुसरं टोक गाडीला, वळवून लॉक होईपर्यंत. आधी ब्लॅक सोडायची, खळखळ थांबेपर्यंत वाट बघायची, व्हॉल्व्ह बंद, मग ग्रे सोडायची म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. पाइप काढताना आधी गाडीकडचं टोक काढा, ते वर उचलून उरलेलं पाणी भोकाकडे जाऊ द्या, मग दुसरं, आणि झाकण लावा. एक थेंबही खाली सांडला तर लगेच धुवून काढा. भांडी घासलेलं पाणी झाडाखाली ओतून देणं हे आपल्याला सहज वाटतं पण तिथे चालत नाही, माश्या-मुंग्या येतात, जनावरं येतात, बऱ्याच ठिकाणी नियमानेच बंदी आहे. तेलकट कढई आधी पेपर टॉवेलने पुसून तो कचऱ्यात टाका, तेल ग्रे टाकीत गेलं की आठवडाभर वास.

स्वयंपाक करा, जरूर करा, उगाच घाबरून रोज ब्रेडवर राहू नका. फक्त हिंग-लसणाची फोडणी, मासे तळणं हे दुपारी किंवा संध्याकाळी करा, छताचा पंखा आणि खिडकी उघडून, शक्य असेल तर बाहेर टेबलावर छोट्या गॅसवर, कारण आतला स्मोक अलार्म मिरचीच्या खाटाने वाजतो आणि तो आख्ख्या रांगेला ऐकू जातो. तो वाजतो म्हणून बॅटरी काढून ठेवू नका, प्रोपेन गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर कधीच नाही, तो जीव वाचवतो. कुकरच्या शिट्ट्या सकाळी सहाला नकोत, डाळ-भात रात्री आठच्या आत उरकून घ्या. शेजाऱ्यांना द्यायचं मन होतंच आपल्याला, सेवउसळ केली की वाटीभर द्यावीशी वाटते, द्या, पण आधी विचारून, आणि बडोद्याहून नेलेला लीलो चिवडो असेल तर त्यात काजू आहेत हे सांगून, तिकडे बऱ्याच मुलांना नट्सची ॲलर्जी असते.

रात्रीचे नियम कडक असतात आणि लोक ते मनापासून पाळतात. नॅशनल पार्कच्या नियमात रात्री १० ते सकाळी ६ शांतता, खाजगी ठिकाणी सकाळी ७ किंवा ८ पर्यंतही असते, पाटी वाचा. दोन-तीन कुटुंबं मिळून गेलं की आपल्या गप्पा रंगतात, अंताक्षरी सुरू होते, साडेनऊला सगळे आत जा आणि हळू बोला. गाणी लावलीत तर तुमच्या टेबलाच्या पलीकडे ऐकू जाता कामा नयेत, ब्लूटूथ स्पीकरवर गरब्याची प्रॅक्टिस तर नकोच. संध्याकाळची आरती म्हणायला काहीच हरकत नाही, हळू आवाजात, झांजा घरी ठेवून. बाहेरचा पोर्चलाइट झोपताना बंद करा, लोक तिथे तारे बघायला आलेले असतात.

जिथे वीज नाही तिथे जनरेटर लागतो, त्याला वेळा ठरलेल्या असतात, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. आवाजाचीही मर्यादा आहे, ५० फुटांवरून ६० डेसिबल. फोन, लॅपटॉप सगळं त्याच वेळात चार्ज करून घ्या, आणि शेजारी बाहेर जेवायला बसले असतील, जनरेटरचा धूर त्यांच्याकडे जात असेल तर वेळ असूनही पाच-दहा मिनिटं थांबा, नियम असो वा नसो.

शेकोटीचं लाकूड घरून नेऊ नका. एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, त्याने कोट्यवधी ॲशची झाडं मारली, आणि तो पसरतो तो लोकांनी गाडीत घालून नेलेल्या सरपणातून. जिथे जाळायचं तिथलंच विकत घ्या. शेकोटीत प्लास्टिकचे ग्लास, फॉइल टाकू नका. झोपायच्या आधी पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, राखेला हात लावता येईल इतकं गार झालं पाहिजे. अस्वलांच्या भागात खाण्याचं काहीही बाहेर राहू द्यायचं नाही, रिकामी कढई, टूथपेस्टसुद्धा नाही. कुत्रा नेला असेल तर नॅशनल पार्कमध्ये पट्टा ६ फुटांपेक्षा मोठा नको, आणि त्याला एकट्याला गाडीत भुंकत ठेवून दिवसभर फिरायला जाऊ नका.

निघायच्या दिवशी लवकर उठा पण इंजिन तासभर चालू ठेवून सामान भरू नका, धूर आणि आवाज दोन्ही शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये जातात. सामान आदल्या रात्रीच लावून ठेवा. साइटवर ड्रेनेज नसेल तर बाहेर पडताना डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, लागतं, रविवारी सकाळी तिथे रांग असते, म्हणून हातमोजे-पाइप वरच ठेवा, काम करा आणि बाजूला व्हा, आतली आवराआवर तिथे उभं राहून नाही. तिथला पाइप धुवायचा नळ वेगळा आणि पिण्याच्या पाण्याचा वेगळा, दोघांची गल्लत करू नका, पाटी असते. गाडी हलवायच्या आधी एकाने खाली उतरून पूर्ण फेरी मारायची, वायर काढली का, पाण्याचा पाइप काढला का, पायरी आत घेतली का, छत्रीसारखं उघडलेलं ऑनिंग गुंडाळलं का, टेबलाखाली दुधाच्या पिशव्या-बॉटल राहिल्यात का. चेकआउट ११ चं असेल तर ११ ला साइट रिकामी हवी, कारण पुढचं कुटुंब गेटवर गाडी लावून थांबलेलं असतं.